१०५ पौंडांचा बॅरिस्टर

नाताळ वसाहतीतील पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशनावर १८९३ च्या जून महिन्यातील एका रात्री एका हिंदी प्रवाशाला पहिल्या वर्गाच्या डब्यातून खाली उतरविण्यात आले, ही हकीकत आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. त्या रात्री प्रतीक्षालयात थंडीने कुडकुडत बसलेल्या तरुणाच्या मनात काय काय चालले होते, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु हा तरुण त्या गाडीत बसला होता कशासाठी, त्याचे तिकीट कोणी काढून दिले होते आणि प्रिटोरियास पोचल्यावर त्याने कोणते काम करावे अशी पैसे देणाऱ्याची अपेक्षा होती, असे विचारले तर बहुधा ‘कसल्याशा खटल्याच्या कामासाठी’ एवढेच उत्तर मिळते. स्टेशनावरच्या त्या रात्रीच्या तेजात तो खटला दिसेनासा झाला आहे. हिशेबखात्यात उभी हयात घालविलेल्या माझ्यासारख्याला मात्र तो खटलाच अधिक खुणावतो. कारण व्यापारी करारातून उद्भवलेल्या तंट्यात वकील नेमायचा म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर त्यात सापडते.

प्रथम वकील पाहू. मोहनदास गांधी १० जून १८९१ रोजी विलायतेत बॅरिस्टर झाले आणि स्वदेशी परतून काही काळाने मुंबईस गिरगावात बिऱ्हाड करून राहिले. त्यांना पहिले काम मिळाले ते स्मॉल कॉज कोर्टातले. ममीबाई नावाच्या प्रतिवादी बाईचा लहानसा दावा, ३० रुपये फी. दलालाला कमिशन द्यावे लागेल असे त्यांना बजावण्यात आले. महिना तीनचार हजार मिळविणारे नामांकित वकीलही ते देतात, असा दाखलाही पुढे करण्यात आला. ते त्यांनी साफ नाकारले. काम तरीही मिळाले. वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी करण्यासाठी ते उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. डोके गरगरू लागले, कोर्ट फिरते आहे असे वाटू लागले. ते खाली बसले, कारकुनाला फी परत घेण्यास सांगितले आणि दुसरा वकील करावा असे सुचविले. ५१ रुपये घेऊन पटेल नावाच्या वकिलांनी ते काम केले. त्यांना ते पोरखेळासारखे वाटले असणार. पुढे एका शाळेत इंग्रजी शिकविण्याच्या ७५ रुपयांच्या जागेसाठी बॅरिस्टरसाहेबांनी अर्ज केला, तोही पदवीधर नसल्यामुळे फेटाळला गेला. अखेर मुंबई सोडून राजकोटला अर्ज-विनंत्या लिहून देण्याचे काम त्यांनी पत्करले. त्यात महिना ३०० रुपये सुटत. पण ते वकिलीचे काम नव्हे, लेखनिकाचे, ही बोच मनात राहिलीच.

अशा मनुष्याला ४०,००० पौंडांच्या दाव्याकरिता कोण नेमील?

नेमणारी पेढी पोरबंदरच्या मेमन व्यापाऱ्यांची, दादा अब्दुल्ला यांची. ती दक्षिण आफ्रिकेत कशी पोचली हे थोडक्यात सांगितले पाहिजे. १८६० च्या नोव्हेंबरात ‘ट्रुरो’ नावाच्या जहाजातून गिरमिटिया मजुरांची पहिली तुकडी उसाच्या मळ्यांसाठी नाताळात उतरली. मजूर गेले म्हणजे त्यांना तांदूळ, डाळ, मसाला, कापड विकणारा व्यापारीही मागोमाग जातोच. मॉरिशसमध्ये व्यापार करणाऱ्या शेठ अबूबकर आमद यांनी नाताळात दुकान घातले आणि त्यांच्या पाठोपाठ गुजरातचे मुसलमान व्यापारी तेथे जाऊ लागले. दोन-तीन दशकांत त्यांची दुकाने नाताळची सीमा ओलांडून बोअर लोकांच्या ट्रान्सवाल प्रजासत्ताकात शिरली. दादा अब्दुल्ला यांचे ठाणे डर्बनला, तर त्यांचे आप्त आणि गाववाले तय्यब हाजी खान महंमद यांचे प्रिटोरियाला. नाताळात अब्दुल्ला शेठना जो मान, तोच प्रिटोरियात तय्यब शेठना. तंटा होता तो या दोघांमधला.

१८९३ च्या आरंभी पेढीच्या माणसांनी मोहनदासांच्या वडील बंधूंकडे निरोप पाठविला. आमचा दावा फार दिवस चालला आहे, चांगल्यात चांगले वकील-बॅरिस्टर आम्ही दिले आहेत. तुमच्या भावाला पाठविलेत तर तो आमची बाजू आमच्या वकिलांना आमच्यापेक्षा नीट समजावून सांगेल, इंग्रजी पत्रव्यवहारातही त्याचा उपयोग होईल, असा त्याचा आशय. मुदत एका वर्षाच्या आतबाहेर, जाण्यायेण्याचे पहिल्या वर्गाचे भाडे, राहण्याजेवणाचा खर्च पेढीकडे आणि वर १०५ पौंड. हे बॅरिस्टर म्हणून जाणे नव्हते, पेढीचा नोकर म्हणून जाणे होते, असे गांधींनी स्वतःच आत्मकथेत स्वच्छ नमूद केले आहे. तरी त्यांनी घासाघीस केली नाही. एप्रिल १८९३ मध्ये ते मुंबईहून निघाले आणि मे महिन्याच्या अखेरीस डर्बनला उतरले.

आपल्या वाचकांपैकी अनेकांना बदलीच्या गावी रुजू होण्याच्या पहिल्या दिवसाचा अनुभव असेल. हुकूम वरून निघालेला असतो; ज्याच्या हाताखाली काम करायचे त्याला नवा माणूस नको असतो. डर्बनला तसेच झाले. भावाने पाठविलेला हा झोकदार पोशाखाचा तरुण म्हणजे पांढरा हत्तीच, असे अब्दुल्ला शेठना वाटले. खटला ट्रान्सवालात, याला इथे ठेवून काय करावे? प्रिटोरियाला एकटे पाठवावे तर प्रतिवादी तिथेच, तो याला वळवील की काय याची धास्ती. शेठ फारसे शिकलेले नव्हते, पण बँकेच्या मॅनेजरांशी, गोऱ्या व्यापाऱ्यांशी बोलण्याइतके आणि आपले म्हणणे वकिलाच्या गळी उतरविण्याइतके इंग्रजी त्यांना येत होते. मग मध्यस्थ हवाच कशाला?

तो का हवा होता हे दाव्याचे स्वरूप पाहिले म्हणजे कळते. व्यापारी देवघेवीतून निघालेल्या या मागणीचा काही भाग वचनचिठ्ठ्यांवर आधारलेला होता आणि काही भाग, वचनचिठ्ठ्या लिहून देण्याचा जो करार झाला होता तो करारातल्या शब्दांप्रमाणे पुरा करून मिळावा, अशा स्वरूपाचा होता. चिठ्ठ्या कपटाने घेतल्या, त्यांच्यामागे पुरेसा मोबदला नव्हता, असा प्रतिवादीचा बचाव. म्हणजे कायद्याचे मुद्दे होतेच. पण त्यांच्या तळाशी होती ती कीर्द, खतावणी आणि वर्षानुवर्षांची पत्रे, आणि ती बव्हंशी गुजरातीत. पेढीचे ॲटर्नी इंग्रज. खटला चालायचा ट्रान्सवालात, जिथे राजभाषा डच आणि कायदा रोमन-डच परंपरेचा. वहीत लिहिलेली एक ओळ न्यायाधीशापर्यंत पोचायची तर तिला तीन भाषा ओलांडाव्या लागत. मुनीम वही जाणत होता, पण त्याला कायदा ठाऊक नव्हता. बॅरिस्टर कायदा जाणत होता, पण त्याला ती वही वाचता येत नव्हती. मधली पायरीच रिकामी होती आणि १०५ पौंड तिच्यासाठी होते.

गंमत अशी की, त्या पायरीवर उभ्या राहणाऱ्याला स्वतःलाही वही वाचता येत नव्हती. वाटेत झांझिबारच्या कोर्टात त्यांनी एका पारशी वकिलाला जमा-नावेच्या नोंदींवर साक्षीदाराची तपासणी करताना ऐकले होते आणि त्यातले अक्षरही त्यांना उमगले नव्हते. जमाखर्च ते शाळेत शिकले नव्हते, विलायतेतही नाही. डर्बनला पेढीचा गुमास्ता खटला समजावू लागला, अमुक जमा, तमुक नावे असे बोलत सुटला, तेव्हा गोंधळ वाढतच गेला. ‘पी. नोट’ म्हणजे काय ते त्यांना कळेना. शब्दकोशात शब्द मिळेना. शेवटी आपले अज्ञान त्यांनी गुमास्त्यापुढे कबूल केले, तेव्हा प्रॉमिसरी नोट, म्हणजे वचनचिठ्ठी, असा उलगडा झाला. मग त्यांनी जमाखर्चाचे एक पुस्तक विकत आणून अभ्यासले.

प्रॉमिसरी नोटांच्या दाव्यात प्रॉमिसरी नोट म्हणजे काय हे ठाऊक नसलेला वकील, ही थट्टेची गोष्ट खरी. तथापि मला यातले दुसरेच वाक्य मोलाचे वाटते. त्याने गुमास्त्याला विचारले. आपल्या कचेऱ्यांतून मी जे कंत्राटाचे तंटे पाहिले त्यांत हा प्रश्न विचारणारा माणूस क्वचितच भेटला. एक प्रकरण आठवते. एका बांधकामाच्या कंत्राटदाराने उशिराबद्दल नुकसानभरपाई मागितली, प्रकरण लवादाकडे गेले. सरकारी बाजूच्या वकिलांनी आम्हाला एकच गोष्ट विचारली : जागा कंत्राटदाराच्या ताब्यात कोणत्या तारखेस दिली? आम्ही त्यांना चार गठ्ठे फायली बांधून पाठविल्या. तारीख पाठविली नाही, कारण ती आमच्यापैकी कोणीच शोधली नव्हती. ती एका ओव्हरसियरच्या मोजणीपुस्तकात होती आणि ते पुस्तक मागविण्याचे त्या दोन वर्षांत कोणाच्या मनात आले नाही. निवाडा आमच्याविरुद्ध गेला, व्याजासकट. वकील वाईट होता, असा शेरा फाइलवर पडला. तो शेरा मीही वाचला आणि खाली सही केली.

असो. प्रिटोरियाला जाण्यापूर्वी अब्दुल्ला शेठ आणि त्यांचा हा नवा नोकर यांच्यात जे बोलणे झाले, ते सबंध हकीकतीचा गाभा आहे. शेठ म्हणाले, तिथे आपल्या मेमन बांधवांकडे उतरू नका. प्रतिपक्षाचे तिथे वजन फार, आपली खासगी पत्रे कोणाच्या हाती लागली तर घात होईल. उतरण्याची सोय आमच्या वकिलामार्फत होईल. गांधींनी ते मान्य केले आणि त्याच दमात आपल्याला प्रतिपक्षाशी ओळख करून घ्यायला आवडेल, जमल्यास प्रकरण कोर्टाबाहेर मिटवावे असा आपला विचार आहे, तय्यब शेठ झाले तरी तुमचे आप्तच, असेही सांगून टाकले. शेठ दचकले. आपसात मिटले तर उत्तमच, असे त्यांनी अडखळत कबूल केले. पण आप्त आहोत म्हणूनच आम्ही एकमेकांना पुरते ओळखतो, तो सहजासहजी तडजोडीला येणारा नव्हे, आपण जरा गाफील राहिलो तर आपल्या पोटातले काढून घेऊन शेवटी आपल्यालाच गाडील, म्हणून दोनदा विचार करून पाऊल टाका, असा इशाराही दिला. भाऊबंदकीचे दावे ज्यांनी आपल्या गावाकडे पाहिले आहेत त्यांना हा स्वर ओळखीचा वाटेल. परक्याशी झालेला करार मोडला तर माणूस नुकसान मोजतो; आप्ताने मोडला तर अपमान मोजतो आणि त्या खात्याला बेरीज नसते.

प्रवासातल्या हालअपेष्टा सर्वश्रुत आहेत. त्या सोडून प्रिटोरियाला येऊ. तेथील ॲटर्नी बेकर यांनी नव्या मदतनिसाला पहिल्याच भेटीत त्याची जागा सांगितली. बॅरिस्टर म्हणून तुम्हाला इथे काम नाही, उत्तमोत्तम कौन्सिल आम्ही दिले आहेत. अशिलाकडून माहिती मिळविण्यापुरती तुमची मदत घेईन. ॲटर्नीने प्रकरण तयार करायचे आणि कौन्सिलने कोर्टात बोलायचे, ही विभागणी मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेतही दीर्घकाळ होती, त्यामुळे मुंबईच्या जुन्या मंडळींना ती नवी वाटणार नाही. गांधी या दोघांच्याही खालच्या पायरीवर होते. त्यांनी वह्या चाळल्या, पत्रांची भाषांतरे केली, वादीच्या बाजूची हकीकत जुळवून ॲटर्नीपुढे ठेवली. आपण तयार केलेल्यातले ॲटर्नी किती घेतो आणि किती टाकतो, मग ॲटर्नीने दिलेल्यातले कौन्सिल किती वापरतो, हे ते बारकाईने पाहत राहिले. विलायतेत एका ज्येष्ठ वकिलाने त्यांना सांगितले होते की, कायद्याचा तीनचतुर्थांश भाग म्हणजे वस्तुस्थिती. ते त्यांना इथे पटले. वह्या नीट वाचल्यावर अब्दुल्ला शेठची बाजू वस्तुस्थितीने भक्कम आहे याविषयी त्यांची खात्री झाली.

आता नवल येथे आहे. बाजू भक्कम आहे असे कळल्यावर सामान्य वकील कोर्टाची तारीख मागतो. या तरुणाने दुसराही एक हिशेब मांडला. दोन्ही पक्षांचे वकील त्या मुलुखातले नामांकित. त्यांच्या फिया अशा वाढत होत्या की, व्यापारी कितीही मोठे असले तरी त्यांचे सर्वस्व त्यात जावे. दोघांनाही खटल्यापुढे धंद्याकडे पाहायला वेळ उरेना. वैर रोज वाढत होते. आणि आणखी एक गोष्ट त्यांना प्रथमच कळली : जिंकणाऱ्यालाही सगळा खर्च परत मिळत नाही. हरणाऱ्याकडून वसूल व्हावयाचा खर्च ठरावीक दराने आकारला जातो आणि अशील आपल्या वकिलाला प्रत्यक्षात जे देतो ते त्याहून कितीतरी अधिक असते. खतावणी वाचायला नुकताच शिकलेल्या माणसाने ती अशिलाच्या वकिलांवरच चालविली, असे म्हटले तरी चालेल. दोन्ही घरे एकाच गावची, नात्यातली, आणि दोन्ही बुडणार होती.

तय्यब शेठशी त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घेतली होती. प्रिटोरियातील हिंदी लोकांची स्थिती समजून घेण्यासाठी सभा भरवायची तर त्यांच्या साहाय्यावाचून काही होणे शक्य नव्हते. त्या पहिल्या सभेत, मुख्यतः मेमन व्यापाऱ्यांपुढे, गांधींनी आयुष्यातले पहिले जाहीर भाषण केले. विषय होता, व्यापारातील सचोटी. मुंबईच्या कोर्टात ज्याची वाचा बसली होती, त्याची ती इथे उघडली. वादीच्या पगारावर असलेल्या माणसाने प्रतिवादीच्या मदतीने सभा भरवावी, हे औचित्याला धरून होते काय, असा प्रश्न एखादा काटेकोर वाचक विचारील. तो गैर नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार प्रतिपक्षाने वकील दिला असेल तर त्या वकिलाला वगळून वादाच्या विषयाबद्दल प्रतिपक्षाशी थेट बोलणी करता येत नाहीत. गांधी पुढे तय्यब शेठकडे गेले आणि लवाद मान्य करा असा सल्ला त्यांनी दिला; मात्र त्याचबरोबर, आपल्या वकिलाशी बोलून घ्या, असेही सांगितले. कटाक्षाने पाहिले तर रेषेवरचे वर्तन आहे. मला ते खटकत नाही, कारण जे करणार ते त्यांनी डर्बनमध्येच आपल्या धन्याला सांगून ठेवले होते.

तय्यब शेठ अखेर राजी झाले. लवाद नेमला गेला, त्याच्यापुढे दोन्ही बाजू मांडल्या गेल्या आणि निवाडा अब्दुल्ला शेठच्या बाजूने झाला. सुमारे ३७,००० पौंड आणि खर्च. ४०,००० च्या मागणीतून इतके पदरात पडले म्हणजे वादीचा जवळजवळ निर्भेळ विजय. येथे खटला संपला, पण प्रकरण संपले नाही. एवढी रक्कम एकरकमी देणे तय्यब शेठना अशक्य होते. निवाड्याची ताबडतोब बजावणी मागितली असती तर त्यांचे दिवाळे निघाले असते, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या पोरबंदरी मेमनांत दिवाळ्यापेक्षा मरण पत्करावे असा अलिखित दंडक होता. पैही कमी न करता सगळे देईन, पण दिवाळे नको, ही त्यांची भूमिका. मार्ग एकच उरला : अब्दुल्ला शेठनी हप्ते बांधून द्यावेत.

हप्त्यांची ही सवलत मिळविणे आपल्याला लवादाला राजी करण्यापेक्षा जड गेले, असे गांधींनी लिहिले आहे, आणि त्यात नवल नाही. लवादाच्या वेळी समजूत घालायची होती ती प्रतिपक्षाची. आता घालायची होती ती आपल्याच अशिलाची, तीही तो जिंकल्यानंतर. हातात निवाडा असलेल्या माणसाला थांबायला सांगणे ही कोणत्याही वकिलाच्या हातून सहसा न होणारी गोष्ट, कारण तिच्यासाठी कोणी त्याला नेमत नाही. अब्दुल्ला शेठनी ती मानली आणि फार लांब मुदतीचे हप्ते ठरवून दिले. व्यापारी म्हणूनही ते शहाणपणाचेच होते. बुडालेल्या ऋणकोची मालमत्ता लिलावात निघाली असती तर ३७,००० पैकी हाती किती आले असते, हे त्या अनुभवी माणसाला वही न उघडता कळत असणार. दोघांचीही समाजातली प्रतिष्ठा यामुळे वाढली, असा गांधींचा निर्वाळा आहे.

इतिहास लिहिताना एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. आपण हे सारे एकाच्याच तोंडून ऐकतो आहोत. आत्मकथा ‘नवजीवन’मधून १९२५ पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, म्हणजे घटनेला तीस वर्षे उलटल्यावर. सांगणारा वादीच्या पगारावरचा. चिठ्ठ्या कपटाने घेतल्या असा तय्यब शेठचा आरोप होता. तो कशाच्या बळावर, हे त्या पुस्तकात नाही. हरलेल्या बाजूने आपली हकीकत लिहून ठेवली असती तर तिच्यात या मध्यस्थाचे चित्र कसे उतरले असते, हा विचार माझ्या मनात प्रत्येक वाचनाच्या वेळी येतो. आपल्या घरी येऊन गोड बोलणारा, सभेत सचोटीवर व्याख्यान देणारा आणि अखेर ३७,००० पौंडांचा निवाडा गळ्यात बांधून जाणारा शत्रूचा माणूस, असेही ते असू शकले असते. हप्त्यांमुळे ते तसे उरले नसावे, असे मला वाटते. पण हे माझे वाटणे आहे.

वर्ष भरले, काम संपले. १८९४ च्या मध्यावर गांधी डर्बनला परतले आणि स्वदेशी निघण्याची तयारी झाली. अब्दुल्ला शेठनी निरोपाचा समारंभ केला. त्या दिवशी सहज चाळलेल्या वर्तमानपत्रात हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेणाऱ्या विधेयकाविषयीचा मजकूर त्यांच्या नजरेस पडला. त्यांनी विचारले तेव्हा शेठ म्हणाले, आम्हाला या गोष्टींतले काय कळते. व्यापाराला धक्का बसला तर तेवढे कळते. पाहुण्यांनी गांधींना महिनाभर थांबण्याचा आग्रह केला. सार्वजनिक कामाची फी घेणार नाही, असे त्यांनी सांगितले. महिन्याचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ऑगस्ट १८९४ मध्ये नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली.

मग चरितार्थ कसा चालायचा? तेथील वकिलांच्या मंडळाने विरोध केला असतानाही ३ सप्टेंबर १८९४ रोजी नाताळच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ॲडव्होकेट म्हणून दाखल करून घेतले. सुमारे वीस व्यापाऱ्यांनी आपापले वर्षभराचे कोर्टाचे काम त्यांच्याकडे सोपवून मेहनताना आगाऊ दिला. हे सगळे लोक प्रिटोरियाचे प्रकरण कसे मिटले ते जाणणारे होते. दादा अब्दुल्लांनी निरोपाच्या वेळी द्यावयाची म्हणून जी थैली बाजूला काढून ठेवली होती, तिच्याऐवजी त्यांनी वकिलाच्या बिऱ्हाडाला लागणारे लाकडी सामान घेऊन दिले.